खबर, टेहळणी आणि गळ्यातली माळ

प्रश्न नागपूरच्याच एका मुलाचा आहे. बारावी झाली आहे, भरतीची तयारी चालू आहे. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढला, म्हणून हेरखात्यात जायचं मनात आहे. घर वारकरी, आई-वडील दोघंही माळकरी. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जुन्या हेरगिरीतून आजच्या शिपायाने काय घ्यावं, फौजेत टेहळणी शिकवतात तरी कशी, आणि माळ घातलेल्या माणसाने बंदूक धरावी का.

मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गश्ती, म्हणजे पहाऱ्याच्या आणि टेहळणीच्या फेऱ्या, नेल्या, पुढे बरीच वर्षं पोरांना फील्ड क्राफ्ट, म्हणजे मैदानात लपणं आणि टेहळणी करणं, शिकवलं. त्या अनुभवावरून सांगतो बाळा, तुझे तीन प्रश्न वेगवेगळे नाहीत. हेरगिरी म्हणजे जे पाहिलं ते जसंच्या तसं परत आणणं. प्रशिक्षण त्याचसाठी असतं. आणि माणूस अंधारात एकटा पडतो, घशाला कोरड पडते, तेव्हा त्याला जागेवर धरून ठेवणं हे श्रद्धेचं काम. म्हणून श्रद्धा माणसात असावी, त्याने आणलेल्या खबरीत नसावी. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणसं मरतात. इतिहासात ती मेलेली आहेत, त्यातली काही आपल्या नागपूरची होती.

आधी बहिर्जी. आपण ऐकतो त्या बहुतेक गोष्टी वेषांतराच्या आहेत, आणि त्यांना त्या काळच्या कागदांचा आधार फारसा नाही. कागदात आहे ते थोडं आहे, पण माझ्या लेखी तेच जास्त मोलाचं. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली जिंजीला बखर लिहिली. तीत तो बहिर्जी जाधव या नावाने, सुरतेची बातमी घेऊन आलेला जासूद म्हणून भेटतो. ती सुरतेची स्वारी जानेवारी १६६४ ची. पुढे १६७९ मध्ये महाराज जालना लुटून परतत होते आणि मोगल फौजेने वाट अडवली, तेव्हा पुन्हा बहिर्जीच पुढे झाला. त्याने आडवाटेने, रात्रीचा दिवस करून महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेलं. तिथे विसावा मिळाला म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड पडलं.

ही दुसरी गोष्ट नीट समजून घे. मागे शत्रू, बरोबर लुटीचं ओझं आणि दमलेली घोडी, अशा वेळी नवी वाट सापडत नसते. ती वाट आधी कोणीतरी पायाखाली घातलेली असते, पाणी कुठे आहे आणि लादलेलं जनावर कुठून उतरेल हे डोक्यात ठेवलेलं असतं. मी गश्ती नेल्या आहेत म्हणून हे छातीठोक सांगतो. फकिराची कफनी कोणीही चढवील. मुलूख पाठ असणं हे खरं हेराचं भांडवल.

कौटिल्याने हेरांचे प्रकार सांगितले आहेत. कापटिक म्हणजे विद्यार्थ्याच्या रूपातला, उदास्थित म्हणजे संन्यास सोडलेला, गृहपतिक म्हणजे शेतकरी, वैदेहक म्हणजे व्यापारी, आणि तापस. हे एका जागी बसून काम करणारे. फिरते वेगळे. ही यादी सगळे सांगतात, पण त्यामागचा नियम कमी लोक सांगतात. हेरांना एकमेकांची ओळख असू नये, आणि तिघांकडून वेगवेगळी आलेली बातमी जुळली तरच ती खरी धरावी. आजही गुप्तवार्तेचं काम याच नियमावर चालतं. एकाच माणसाने सांगितलेली गोष्ट तीन तोंडांतून आली तर ती तीन बातम्या होत नाहीत, एकच राहते. हे कळायला नव्या पोराला वेळ लागतो.

बातमी येते कुठून? लोकांकडून. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्या फौजेला शिवाजी महाराजांनी पाठवलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण बेताने वापरा, नाहीतर पावसाळ्यात घोडी मरतील. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. आणि रयतेला त्रास दिलात तर लोक म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. लोक हे पत्र नीतीचा धडा म्हणून वाचतात. मी ते गुप्तवार्तेचा धडा म्हणूनही शिकवायचो. ज्या गावातली कोंबडी फौज उचलते, ते गाव फौजेला कधी सांगत नाही की काल रात्री चार परकी माणसं ओढ्याकाठी दिसली.

याला दोन दाखले देतो. ५ ऑगस्ट १९६५ ला काश्मीरमध्ये गुलमर्गच्या बाजूला मोहम्मद दीन नावाच्या गुज्जर तरुणाला काही हत्यारबंद अनोळखी माणसं भेटली. पैसे देऊ केले, माहिती विचारली. तो गुरं राखणारा पोरगा तिथून निघाला तो थेट तंगमर्गच्या पोलिसांकडे. पाकिस्तानच्या 'ऑपरेशन जिब्राल्टर'ला, म्हणजे काश्मीरमध्ये घुसखोर पेरण्याच्या बेताला, तिथून सुरुंग लागला. सरकारने त्याला पद्मश्री दिली. दुसरा दाखला ३ मे १९९९ चा. बटालिक भागातल्या गारखोन गावचा ताशी नामग्याल हरवलेला याक शोधत डोंगरावर गेला. दुर्बिणीतून त्याला माणसं खोदकाम करताना दिसली आणि त्याने फौजेला येऊन सांगितलं. कारगिलची पहिली खबर ती. या दोघांना कोणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं. त्यांचा आपल्या फौजेवर विश्वास होता आणि त्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगितलं.

कारगिलची दुसरी बाजूही सांगायला हवी. हिवाळ्यात त्या उंचीवर कोणी येणार नाही ही समजूत इतकी पक्की होती की उघडी राहिलेली जागा कोणाला उघडी वाटलीच नाही. १९७३ मध्ये इस्रायलचं असंच झालं. इजिप्तकडे लांब पल्ल्याची विमानं येईपर्यंत तो हल्ला करणार नाही, असं त्यांच्या गुप्तवार्ता खात्याने धरून ठेवलं होतं. समोर सुएझ कालव्याकाठी फौजा जमत होत्या, खबरी येत होत्या, पण प्रत्येक खबर त्या समजुतीत बसवून वाचली गेली. ६ ऑक्टोबरला हल्ला झाला. खबरीत श्रद्धा शिरते म्हणतो ती अशी. ती नेहमी देवावरचीच असते असं नाही.

आता आपल्या नागपूरकडे ये. पहिले रघुजी भोसले बंगालवर स्वाऱ्या करत होते. त्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानाने त्याला तहाच्या बोलणीसाठी बंगालमधल्या मनकऱ्याला बोलावलं. आणाभाका झाल्या, शपथा झाल्या. भास्करराम आपल्या सरदारांसह तंबूत गेला आणि तिथेच सगळे कापले गेले. रघुजी गायकवाड तेवढा तळावर थांबला होता, म्हणून उरलेली फौज निघू शकली. भास्करराम काही कच्चा माणूस नव्हता. समोरच्याच्या शपथेवर त्याने विश्वास ठेवला, आणि तंबूमागे काय आहे हे पाहून यायला कोणी गेलं नाही. आपली श्रद्धा आपल्याला बांधते. ती समोरच्याला बांधेलच असं नाही. हा धडा मी प्रत्येक तुकडीला दिला आहे.

सीताबर्डीची लढाई तुला शाळेत शिकवली असेल. तिच्याकडे खबरीच्या बाजूने बघ. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीला पेशव्यांचं इंग्रजांशी युद्ध जुंपलं होतं. आप्पासाहेब भोसल्यांचं पेशव्यांशी आतून संधान होतं, आणि तरी २४ नोव्हेंबरला त्यांनी पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं समारंभाने स्वीकारली. नागपूर दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, रेसिडेंट जेंकिन्स, त्यालाही निमंत्रण धाडलं. जेंकिन्सला आता हेराची गरजच उरली नाही. २५ तारखेला त्याने तेलंगखेडीची फौज उचलून सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर चढवली. २६ ला संध्याकाळी लढाई सुरू झाली आणि २७ ला आपण हरलो. भोसल्यांकडे माणसं कितीतरी पट जास्त होती, त्यांचे अरब शिपाई मरेस्तोवर लढले. पण उंच जागा आदल्या दिवशीच हातची गेली होती. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि १ मे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा दिवशी लोकांसाठी उघडतो. जाऊन वर उभा राहा. दोन टेकड्यांमधलं अंतर बघ, खालच्या वस्तीकडे बघ, मग ठरव की पहिली तुकडी तू कुठे ठेवली असतीस.

१८५७ ची गोष्ट थोडक्यात. जूनमध्ये इथल्या घोडदळाने उठावाचा बेत केला होता. शहरातून दिव्याचे फुगे आकाशात सोडायचे, ही खूण ठरली होती. वेळेआधी एक दफेदार पायदळाला सामील करून घ्यायला गेला आणि तिथेच पकडला गेला. फुगे उडायच्या आधी बेत संपला. गुप्त गोष्ट ज्याला सांगायची गरज नाही त्याला सांगायची नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आजच्या पोरांच्या हातात मोबाईल आहे, आणि भरती झाल्या झाल्या वर्दीतला फोटो, युनिटचं नाव, रेल्वेचं तिकीट सगळं स्टेटसला जातं. अनोळखी मुलीच्या नावाने मैत्रीची विनंती येते ती अशाच पोरांना. तू आत्ताच ही सवय मोड.

आता प्रशिक्षण. फौजेत तुझा पहिला धडा असेल 'चीज़ें क्यों नज़र आती हैं'. आकार, चकाकी, सावली, आकाशासमोर दिसणारी बाह्यरेषा, पृष्ठभाग, सारखं अंतर आणि हालचाल. यांपैकी हालचाल सगळ्यात घातक. कामठीच्या बाजूच्या माळावर आम्ही आठ-दहा जवान लपवायचो आणि बाकीच्यांना शोधायला सांगायचो. पाला खोचून, तोंडाला काळं फासून बसलेली पोरं कोणाला दिसत नसत. मग एकाच्या मानेवर माशी बसे, त्याचा हात उठे, आणि संपलं.

मग अंतराचा अंदाज. शंभर मीटर डोळ्यात बसवायचे आणि त्या मापाने जमीन मोजायची. पण जमीन डोळ्याला फसवते. मधे पाणी किंवा दरी असली की पलीकडची वस्तू जवळ वाटते, सूर्य तुझ्या पाठीशी असला तरी जवळ वाटते. अंधूक उजेडात किंवा झोपून पाहताना ती लांब वाटते. फुटाळा तलावाच्या काठावर उभा राहून पलीकडच्या झाडाचं अंतर सांग, मग काठाने चालून पावलं मोज. दोन आठवडे रोज हे केलंस तर भरतीनंतर पहिल्याच महिन्यात उस्ताद, म्हणजे तुला शिकवणारे, तुला नावाने ओळखतील.

रात्रीचं पाहणं वेगळं. डोळ्यांना अंधाराची पुरी सवय व्हायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि काडी पेटवली की ती एका क्षणात जाते. अंधारात वस्तूकडे थेट पाहिलं तर ती विरघळते, जरा बाजूला नजर ठेवली तर दिसते. हे सांगून पटत नाही, करून पाहावं लागतं.

पण या सगळ्यापेक्षा अवघड आहे ते अहवाल देणं. टोही, म्हणजे टेहळणीची, गश्त लढायला जात नाही. तिने पाहून, न दिसता परत यायचं असतं. परत आल्यावर किती होते, कोण होते, कुठे, किती वाजता, काय करत होते, कोणत्या दिशेने गेले, एवढं विचारलं जातं. एका रात्रीच्या सरावात एक जवान धापा टाकत आला. म्हणाला, "उस्ताद, दुश्मनाची जीप आली." मी विचारलं, तू काय पाहिलंस? "जीप." तुझ्या डोळ्यांना काय दिसलं ते सांग. तो थांबला. "दोन दिवे." दिवे सारख्या अंतरावर राहिले की त्यांच्यातलं अंतर कमी-जास्त झालं? त्याने डोळे मिटून आठवलं. "वळणावर एक मागे पडला, उस्ताद." मग ती जीप नव्हती, दोन मोटारसायकली होत्या. पोरगा खोटारडा नव्हता. जीपच येणार असं त्याच्या मनाने आधीच ठरवलं होतं आणि डोळ्यांनी मनाचं ऐकलं. म्हणून मी शिकवायचो की अहवालाचे दोन भाग करा. आधी 'मी पाहिलं', आणि ते संपल्यावर 'मला वाटतं'. दोन्ही द्या, पण एकात दुसरं मिसळू नका. आणि जे दिसलं नाही तेही सांगा. विहिरीवर कुणी बाई पाण्याला आली नाही, ही पण खबर आहे.

भित्रा जवान वाढवून सांगतो, शेखी मिरवणारा पण वाढवून सांगतो, आणि साहेबाला खूश करू पाहणारा कमी करून सांगतो. खरं तेवढंच सांगायला आत काहीतरी टणक लागतं. इथे तुझा तिसरा प्रश्न येतो.

नूर इनायत खानचं नाव ऐकलं आहेस का? सूफी गुरू इनायत खान यांची मुलगी, अहिंसेच्या वातावरणात वाढलेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेने तिला बिनतारी यंत्र चालवायला जून १९४३ मध्ये फ्रान्समध्ये उतरवलं. साथीदार धडाधड पकडले गेले तरी ती पॅरिस सोडून गेली नाही. ऑक्टोबरमध्ये पकडली गेली. पळायचा प्रयत्न केला, पुढे महिनोन्महिने साखळदंडात राहिली, तोंडातून काही निघालं नाही. १३ सप्टेंबर १९४४ ला डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. पण पाठवलेल्या संदेशांची वही तिने जपून ठेवली होती. ती जर्मनांना सापडली, त्यांनी तिच्या नावाने संदेश पाठवले आणि नंतर उतरलेले हेर अलगद त्यांच्या हाती लागले. श्रद्धेने तिची जीभ राखली. वही राखायचं काम शिस्तीचं होतं, ते श्रद्धा करू शकत नव्हती. तिच्याबद्दल मला अपार आदर आहे, आणि म्हणूनच दोन्ही गोष्टी पोरांना सांगतो.

कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र आहे. लान्सनायक अल्बर्ट एक्का याच रेजिमेंटचे, चौदाव्या बटालियनचे. झारखंडच्या गुमला भागातले उराँव आदिवासी, ख्रिस्ती घरातले. ३ आणि ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री गंगासागरला त्यांनी एका बंकरमधली मशीनगन संगिनीने बंद केली. पुढे एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून मशीनगन चालू झाली, तेव्हा जखमी असूनही भिंत चढून तीही बंद केली, आणि तिथेच वीरमरण आलं. १९७१ मध्ये पूर्व आघाडीवर परमवीर चक्र एकच मिळालं, ते त्यांचं. त्यांच्या तुकडीत देशभरातली, वेगवेगळ्या धर्मांची पोरं होती. गार्ड्सची भरतीच तशी मिसळीची आहे. तिथे कोणी कोणाला विचारत नाही की तुझा देव कोणता. एवढंच पाहतात की बाजूचा माणूस जागा सोडणार नाही ना.

फौजेत पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री असे धर्मगुरू असतात आणि ते हुद्द्याने जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, असतात. कसम परेडला ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथासमोर शपथ होते. साहेबाचा धर्म कोणताही असो, मंदिर परेडला किंवा गुरुद्वाऱ्यात तो आपल्या जवानांबरोबर बसतो. नागपुरात तुला हे समजावायला लांब जावं लागणार नाही. ताजबागेतले ताजुद्दीन बाबा कामठीचे, आणि तरुणपणी फौजेतच होते. दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला ज्यांनी धम्म स्वीकारला, त्यांच्यात फौजेत नोकरी केलेल्या माणसांची घरं होती. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन १९४२ मध्ये कामठीलाच उभी राहिली होती. पाली ग्रंथांत वैशालीच्या सिंह सेनापतीची कथा आहे. तो आधी निगंठांचा म्हणजे जैन मुनींचा उपासक, मग बुद्धाकडे आला. बुद्धाने त्याला सांगितलं, नीट विचार करून ठरव, आणि निगंठ तुझ्या दारी येतात त्यांचं दान बंद करू नकोस. सेनापतीला दिलेला हा सल्ला मला फार मोठा वाटतो. ज्याची श्रद्धा दुसऱ्याच्या श्रद्धेने बिथरत नाही, त्याच्या शेजारी मी रात्रभर मोर्च्यात पडून राहीन.

तुझ्या घरच्यांना सांग, तुकोबांनी पाईकावर, म्हणजे शिपायावर, स्वतंत्र अभंग लिहिले आहेत. गाथेत ते काढून आईला वाचून दाखव. धन्यासाठी जिवावर उदार होणारा पाईक वारकऱ्याला परका नाही. मारण्याची हौस असेल तर मात्र फौजेत जाऊ नकोस. मी पाहिलेले चांगले जवान गोळी झाडायला कधीच आतुर नव्हते.

राहिला रस्ता. सरळ हेरखात्यात भरती होईन असं डोक्यातून काढ. पायदळाच्या प्रत्येक बटालियनमध्ये घातक प्लॅटून, म्हणजे खास कामगिरीची निवडक तुकडी, असते, तिथे निवड अंगातल्या पाण्यावर होते. सैन्याची स्वतःची इंटेलिजन्स कोअर आहे, तिची शाळा पुण्यात आहे. फौजेबाहेर जायचं तर आयबीच्या, म्हणजे इंटेलिजन्स ब्युरोच्या, परीक्षा असतात. तिथे सिक्युरिटी असिस्टंटला दहावी आणि स्थानिक भाषा लागते, वरच्या अधिकारी पदाला पदवी. म्हणून अग्निवीर झालास तरी पदवी सोडू नकोस, बाहेरून कर. आणि एक जास्तीची भाषा शीक. गोंडी येणारी माणसं तुझ्या आसपास आहेत, हिंदी तुला येतेच. नुसतं धावून हेर होता येत नाही.

आणि माळ. वर्दीच्या आत, दिसणार नाही अशी माळ किंवा ताईत बरेच जवान घालतात. जेवणात शाकाहारी ताट मिळतं. पण गश्तीला निघण्याआधी उस्ताद सगळ्यांना जागेवर उड्या मारायला लावतात, कोणाच्या अंगावर काय वाजतं ते ऐकायला. तुझे मणी वाजले तर ते कापडात गुंडाळून चिकटपट्टीने बांधायचे किंवा तेवढ्या रात्रीपुरते काढून खिशात ठेवायचे, आणि उस्तादाशी वाद घालायचा नाही. हे आईला आधीच सांगून ठेव. माझ्या हाताखाली माळकरी पोरं होती, त्यांच्या घरच्यांनी यात कधी आडकाठी केली नाही.